पटावरची आरेक्स

२ जानेवारी

बियाण्याच्या दुकानदारानं ही डायरी दिली. पोरगा सुदाम म्हणला, चूल पेटवायला होईल. मी म्हणलं, तुला लिहिता येत असून तू कधी लिहिलं नाहीस, आण इकडं.

माझी शाळा दुसरीत सुटली, घरी म्हशी होत्या. आता म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात पुन्हा बसते. बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षर गंजतं. रोज काही लिहिणार नाही. भाकरी केली, भाकरी खाल्ली, हे लिहून कुणाचं पोट भरलं?

भिकाबाई लखमा राठोड. तांडा कुरुंद्याच्या अलीकडं. नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही, आज कागदावर घेतलं. तो असता तर म्हणला असता, अक्षर वाकडं आहे.

५ जानेवारी

आज नातीसंगं वसमतला गेले. दिपा, सुदामची थोरली. आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकली, पास झाली, कागद आहे. पण एकबी गॅरेजवाला ठेवून घेत नाही. कुणी म्हणतं जागा भरली, कुणी म्हणतं बघू. मी म्हणलं चल, मीच येते, कसे बघतात ते बघू.

किसनरावचं गॅरेज तालुक्यात मोठं. माणूस वाईट नाही. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, मग गोड बोलून नाही म्हणला.

"मावशी, पोरगी हुशार हाय, मला दिसतंय. पण गिऱ्हाईक पोरीच्या हातात गाडी देत न्हाई. मी काय करू?"

"गिऱ्हाईक काय हात बघायला येतं? चहा पितं अन् जातं."

त्याचा पुतण्या रुद्र तिथंच एका शर्यतीच्या गाडीला फडकं मारून राहिला होता. गाडी कसली, हळद लागलेला नवरदेव. तो हसून म्हणला, "जवळा बाजारला बैलांच्या पटाच्या दिवशी औंदा मोटारसायकलीची सरळ रेस हाय. तिथं ये म्हणा. कळंल कोण मेकॅनिक."

दिपानं कप खाली ठेवला. "येते."

"कशावर? स्कुटीवर?"

"आज्याच्या आरेक्सवर."

किसनराव खुर्चीत ताठ झाला. लखमा होता तेव्हापासून ह्याचा त्या जुन्या मोटारसायकलीवर डोळा. तसलं इंजिन आता निघत नाही म्हणे. "हारलीस तर?"

"गाडी तुमची. जिंकले तर मला मिस्तरी म्हणून ठेवायचं. झाडू मारायला न्हाई, इंजिन उघडायला."

किसनरावनं माझ्याकडं बघितलं. "गाडी कुणाच्या नावावर हाय, मावशी?"

"माझ्या."

"मंग तुमी काय म्हणता?"

"पोरीनं सांगितलं ते ऐकू आलं न्हाई का?"

येताना एसटीत दिपा म्हणली, "दादी, तू हो काहून म्हणलीस?" मी म्हणलं, "तू पैज काहून लावलीस?" 

घरी सुदाम तापला. त्याच्या मेहुण्यानं पुण्याला कंपनीत पॅकिंगचं काम बघून ठेवलंय दिपासाठी. म्हणला, "गाडीबी जाईल अन् पोरगीबी."

मी म्हणलं, "पोरगीला तर तूच धाडून राहिला. गाडीचं बोल."

शेवटी ठरलं असं, पट होईपर्यंत थांबायचं. हरली की पुण्याची गाडी धरायची. दिपा हो म्हणली. एवढं सरळ हो म्हणली की मलाच कसंतरी झालं.

९ जानेवारी

कापसाच्या खोलीतून आरेक्स बाहेर काढली. तिच्यावर लखमाची गोधडी होती अन् गोधडीत कोंबडीची अंडी.

लखमाचे पटाचे बैल होते. लांबून लोक जोडी बघायला यायचे. मग सरकारनं पट बंद केले, त्यानं जोडी विकली अन् ही गाडी आणली. चार दिवस जेवला नाही, पाचव्या दिवशी गाडीवर बसून गेला ते संध्याकाळी हसत आला. आता पट पुन्हा सुरू झाले तर बघायला तो नाही. माणसाला वेळ साधत नाही.

मी दिपाला विचारलं, ही सरळ रेस म्हणजे काय. ती म्हणली, वळण नाही, काही नाही, दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ रेघेत पळायचं, आधी पोचेल तो जिंकला. मी म्हणलं, मग पटच की. इंग्रजी नाव काहून दिलं?

दुपारपर्यंत गाडी खताच्या पोत्यावर पसरली होती. नट, चकत्या, सळया. सुनबाई शिला चहा घेऊन आली ते बघून दारातच थांबली. मी म्हणलं, "हे पुन्हा जुळतं का दिपे, का जवळा बाजारला गोणीतच न्यायचं?"

शिलाच्या डोक्यावर पदर नव्हता. आमच्यात सासूसमोर सुनेनं ओढणी तोंडावर घ्यायची रीत. आता कुणी घेत नाही. मी बोलायचं सोडलं, पण बघायचं सोडलं नाही.

१३ जानेवारी

पोर वेडी झाली. इंजिनाच्या पोटात वारं जायला भोकं आहेत, त्यांना कानस लावून बसते. लोकांच्या लेकी आरसा बघतात, ही बॅटरी लावून भोकात बघते. म्हणते, भोक रुंद केलं की इंजिन जास्त श्वास घेईल, जास्त श्वास घेईल तर शेवटपर्यंत ओढेल. मी म्हणलं, बैलाचंबी तसंच, नाकपुडी बघून घ्यावा.

मुंडकं, म्हणजे हेड, कुरुंद्याला प्रेमदासच्या लेथवर नेलं. प्रेमदास माझ्या बहिणीचा पोरगा. त्यानं ते खालून तासून चपटं केलं, म्हणजे आतली जागा कमी होते अन् दणका वाढतो. मी विचारलं, "डोकं तासून कुणाची ताकद वाढली?" तो म्हणला, "मावशी, लई जणांची वाढंल, पण कुणी लेथवर बसत न्हाई."

१९ जानेवारी

दिव्याची काच, मडगार्ड, मागचा कॅरियर, सगळं उतरवलं. गाडी बोडकी दिसून राहिली. पत्रा कापून, गोल वळवून, डाग देऊन धूर निघायचा नवा भोंगा, म्हणजे सायलेन्सर केला, पोटात फुगीर अन् शेवटाला निमुळता. गाभण शेळीसारखा दिसतो. असाच पाहिजे म्हणे, त्याच्यानं निघालेला धूर इंजिनाला मागून धक्का देतो.

पेट्रोलमधी एरंडेल घालते. ते ऐकून मला बरं वाटलं. लहानपणी एरंडेल पाजताना हिनं माझा अंगठा चावला होता.

सुदाम येता-जाता बघतो अन् बोलत नाही. आज मी बघितलं, तो भोंग्याचा डाग बोटानं चाचपून बघत होता. मी खाकरले तर म्हणला, बैलाला पाणी पाजायचं राहिलं.

२४ जानेवारी

आज इंजिन चालू झालं.

किक मारली, खोकलं. पुन्हा मारली, अन् असा आवाज निघाला की कोंबड्या लिंबावर गेल्या, शिलाच्या हातातलं पीठ सांडलं. अख्खा तांडा गोळा झाला. शेजारची चंदाबाई हळदी-कुंकवाला आलेली, ती गालावर हात ठेवून म्हणली, "अगं बया, केवढी देखणी केली गाडी! सोन्यावानी चमकून राहिली!" मला तिथंच खटकलं. एवढं तोंड भरून कुणी म्हणतं का? थुंकायचं तरी, नजर लागू नये म्हणून.

उद्या कालव्याच्या रस्त्यावर पळवून बघायची आहे. सगळे गेल्यावर दिपा हात धुवायला गेली, तेव्हा मी ताट घेऊन एकटीनं पूजा केली. हळद लावली, कुंकू लावलं. हवा गाळायचा डबा तिनं काढून टाकलाय, त्यामुळं इंजिनाचं तोंड उघडंच आहे, चांगलं आ केलेलं. लखमा पट सुटायच्या आधी दोन्ही बैलांच्या तोंडात कुंकवाचे तांदूळ घालायचा. दुसरं कुणी घालत नव्हतं, ही आमच्या घरची चाल. मी गाडीच्या तोंडातबी चिमूटभर घातले. एक चिमूट थोडी वाटली, म्हणून आणखी घातले. घरातलं जनावर उपाशी का ठेवा?

दिपाला सांगितलं नाही. आजकालच्या पोरी ह्याला नावं ठेवतात.

२५ जानेवारी

इंजिन जाम झालं.

कालव्याच्या रस्त्याला सुटली तेव्हा बराबर होती. मग आवाज चिरका झाला, अन् मधीच मागचं चाक थांबलं. गाडी घसरत गेली, पोर घसरत गेली. मी धावले. ह्या वयात धावते हे मलाच माहीत नव्हतं. हेल्मेट होतं, कोपर सोललं, बाकी देवाची दया. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बसल्या जागी इंजिनाला हात लावून म्हणली, "काहून? सगळं बराबर तर केलं होतं."

मी म्हणलं, मला माहीत आहे काहून. चंदाबाई.

२६ जानेवारी

प्रेमदासला बोलावलं. दोघांनी इंजिन उघडलं. आतली भिंत मांजरानं ओरबाडावी तशी झाली होती. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे.

मग दिपानं तोंडाच्या मागचा भाग काढला. तिथं पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात, हवा आत गेली की मिटतात. एक पाकळी मिटलेली नव्हती. तिच्याखाली काहीतरी अडकलं होतं. दिपानं चिमट्यानं काढलं. बारीक, तांबडं, फुगलेलं. माझ्या डोळ्याला नीट दिसलं नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, मग देवळीतल्या पूजेच्या ताटाकडं. प्रेमदास वाकून म्हणला, "आरे, हे तर..." अन् दिपानं त्याच्या पायावर पाय दिला. तो टॉवेलमधी तोंड खुपसून खोकत बाहेर गेला. खोकला कसला, हसत होता. लोकाच्या घरी आग लागली अन् ह्याला हसू.

"काय होतं गं?"

"काडी होती, दादी. पाकळी उघडी राहिली, नुसतंच वारं गेलं, पेट्रोल-एरंडेल कमी पडलं. अंगाला तेल न्हाई मिळालं म्हणून आवळून बसलं."

"काडी कुणी घातली?"

ती चिमटा पुसत म्हणली, "चूक माझी. मी तोंड उघडं ठेवलं."

पोर दुसऱ्याचं नाव घेत नाही, मला ठाऊक आहे. मी तडक चंदाबाईच्या दारात गेले. म्हणलं, तुझ्या नजरेनं माझ्या नातीचं इंजिन फुटलं. ती म्हणली, "माझ्या नजरेत एवढं बळ असतं भिकाबाई, तर माझा नवरा कधीच सरळ झाला असता!" बायका हसल्या. मी आणखी बोलले, तीबी बोलली. दिपा पळत आली, मला धरून घरी आणलं, अन् उलटी परत जाऊन चंदाबाईच्या पोराची बंद पडलेली पाण्याची मोटार फुकटात दुरुस्त करून दिली. ज्यानं काटा टोचला त्याच्याच पायाला तेल. कळत नाही मला ही पिढी.

२८ जानेवारी

दिपाची पुण्याची पिशवी भरलेली दिसली. तिनंच भरली. कपडे, कागद, एक फणी. इंजिन पोत्यावर तसंच पडलेलं.

मला वाटलं, सांगावं, जाऊ दे लेकरा, जा पुण्याला, सावलीत काम आहे. किसनरावला गाडी देऊन टाकू. तोंडाशी आलं होतं. पण लखमाची जोडी आठवली. एकदा त्याचा डावा बैल पटात पडला होता. लोक म्हणले, विक. लखमा म्हणला, पडलेला बैल विकायचा नसतो, उठवून विकायचा. मग उठवल्यावर विकलाच नाही.

मी पिशवी उचलली, कापसाच्या खोलीत नेऊन कापसाखाली दाबली. दिपानं विचारलं, पिशवी कुठं आहे? मी म्हणलं, "उंदरानं नेली असंल."

तिनं पाना उचलला.

२९ जानेवारी

आज एक नवल झालं. भिंत ओरबाडली होती म्हणून प्रेमदासनं ती आणखी रुंद कोरली अन् नांदेडहून मोठा पिस्टन आणला. म्हणजे पहिल्यापेक्षा मोठं पोट. अन् दिपा सगळं उघडून बसली होती तर तिला आत एक पायरी सापडली. वरचं भोक अन् खालचं भोक एकासमोर एक येत नव्हतं, मधी उंबरा होता. वारं तिथं ठेचकाळत होतं म्हणे.

"दादी, हे मी पहिल्या खेपेला बघितलंच न्हाई. घाई केली. इंजिन जाम झालं नसतं तर हा उंबरा तसाच राहिला असता अन् मी तशीच पटावर गेले असते."

"मंग?"

"मंग हारले असते."

आज ती पहिल्यांदा पोटभर जेवली. कानस घेऊन पुन्हा बसली. ह्या खेपेला जे उघडं असेल त्यावर फडकं टाकते. नट काढला, फडकं. भोक दिसलं, फडकं. मी जवळ गेले की दोन फडकी. शिकली म्हणायची.

४ फेब्रुवारी

इंजिन पुन्हा चालू. आवाज आता वेगळा आहे, चिरका नाही, छातीतून येतो.

लगेच पळवायचं नाही म्हणे. नव्या पिस्टनला आधी सवय लावायची, हळू चालवायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा चालवायची. मी म्हणलं, हे मला शिकवू नको. गोऱ्हा जुवाखाली घ्यायचा तर पहिल्या दिवशी नांगर देत नाहीत, रिकामं जू घेऊन फिरवतात.

सुदाम आज गाडीमागं कालव्यापर्यंत सायकलवर गेला. येऊन म्हणला, "रस्त्यानं लोक असतेत, म्हणून गेलो." कुणी विचारलं होतं का?

७ फेब्रुवारी

उद्या पट. दिपानं माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा मागितला, आरसे लावलेला. विचारलं काहून, तर म्हणली, "इंजिनाच्या तोंडाला लावायला. दृष्ट लागू नये."

एवढ्या वर्षांत ह्या पोरीच्या तोंडून पहिल्यांदा धर्माची गोष्ट ऐकली. लगेच कापून दिला.

तीच म्हणली, चंदाबाईलाबी संगं नेऊ. मी म्हणलं, वेडी झालीस का? ती म्हणली, "दादी, मी सांगते म्हणून. तिला बोलाव." तोंड कडू करून बोलावलं. चंदाबाई म्हणली, "येते, पण डोळे बांधून येऊ का?"

८ फेब्रुवारी

आज अक्षर वाकडं गेलं तर जाऊ दे.

सकाळी बैल सुटले. धूळ, हलग्या, माणसाला माणूस. मी एका जोडीला नावं ठेवली, दुसरीला मान दिला, माझे दोन्ही अंदाज बराबर निघाले. दुपारून शेजारच्या नव्या सरळ रस्त्यावर मोटारसायकली. दोन्हीकडून रस्ता बंद, दोर बांधलेले. दूरदूरची पोरं गाड्या घेऊन आलेली. पोरगी एकच. माईकवाला म्हणला, "आता दिपक राठोड!" दिपा ओरडली, "दिपा!" तो म्हणला, "माफ करा ताई." लोक हसले. मी हसले नाही.

मी ताट आणलं होतं. सुटायच्या आधी दिपा म्हणली, "दादी, ये, पूजा कर." इंजिनाच्या तोंडात ओढणीचा तुकडा घट्ट कोंबून ठेवला होता, आरसा बाहेर चमकत होता. ती म्हणली, "तांदूळ पुढच्या चाकाला वाहा. इंजिनानं आज उपास धरलाय." मला पटलं. लखमाबी मोठ्या पटाच्या दिवशी बैलांना जड खाऊ देत नव्हता.

जोड्या सुटत गेल्या. दिपानं एकाला मागं टाकलं, मग दुसऱ्याला, मग परभणीच्या एका लांब केसवाल्याला. तो येऊन गाडीभोवती फिरून बघून गेला. शेवटी उरले दोघं. दिपा अन् रुद्र.

रुद्र म्हणला, "आजी, गाडीचे कागद आणलेत ना?"

मी म्हणलं, "आणलेत. तू गॅरेजची चावी आणलीस का?"

दिपानं इंजिनाच्या तोंडातला तुकडा ओढून काढला अन् छातीशी खोवला. टाकीवर पालथी पडली, पालीसारखी. हिरवा झेंडा वर गेला. सगळं गप्प झालं, नुसता दोन इंजिनांचा आवाज. एरंडेल जळल्याचा वास आला. मला सगळे पट एकदम आठवले.

झेंडा पडला.

रुद्रची गाडी पुढं निघाली. चांगली अंगभर पुढं. अर्ध्या रस्त्यापर्यंत पुढंच. माझ्या तोंडातून शिवी निघाली, कुणाला ते माहीत नाही. कोण जिंकतंय बघवेना, म्हणून चंदाबाईचा हात धरला. धरायचा नव्हता, हाताला आला. अन् मग आरेक्सनं सूर बदलला. बैल शेपटी मुरगाळल्यावर सुटत नाही, स्वतःच्या मनानं सुटतो तेव्हाच सुटतो, तशी ती सुटली. त्याच्या मागच्या चाकाला आली, त्याच्या पायाला आली, त्याच्या तोंडाला आली. चंदाबाई किंचाळली, "निघाली! निघाली गं भिकाबाई! देखणी गं माझी बाय!" मी म्हणलं, "म्हण! आणखी म्हण! आज लागू दे नजर!"

शेवटच्या दोरीला आरेक्स पुढं होती. थोडी नाही, दिसण्यासारखी.

धुरळ्यातून पहिला पळाला तो सुदाम. सकाळी म्हणला होता, मला कापसाचं काम आहे, येणार नाही. लिंबाच्या झाडामागं उभा होता मेला. दिपाला हेल्मेटसकट उचललं. तिचं कोपर त्याच्या नाकावर लागलं, रक्त आलं, तरी सोडेना.

किसनराव आला. गाडीजवळ उकिडवा बसला, भोंगा बघितला, इंजिनाच्या तोंडात वाकून बघितलं. "ही भोकं कुणी कानसली?"

"मी."

"उंबरा न्हाई ठेवला."

"पहिल्यांदा ठेवला होता."

तो हसला. मनापासून हसला, ते मी मानते. उठून म्हणला, "उद्या नऊला ये."

दिपा म्हणली, "मी आठला येते. शटर नऊला उघडत असंल तर चावी द्या."

रुद्रनं खिशातून चावी काढली अन् माझ्या हातावर ठेवली. मी म्हणलं, "मला काय देतोस? मिस्तरीला दे."

९ फेब्रुवारी

दिपा आठच्या आधीच गेली. पिशवी कापसाखालून काढून दिली, आत पाने घालून नेली. सुदामनं मेहुण्याला फोन लावून सांगितलं, "पोरीला टाइम न्हाई."

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. पांढरे झेंडे, भोग लावला, तांडाभर लापशी. मिरवणुकीत पुढं आरेक्स होती, दिपा चालवत होती, मागं मी. सगळ्या म्हाताऱ्या चालत अन् मी बसून. गती कमी होती तरी कान गेले. आमचे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ घालून मुलखातून मुलखात जायचे. त्यांच्यातली कुणी बाई ह्या आवाजावर बसली नसेल.

चंदाबाई खालून ओरडली, "भिकाबाई, दिसतीस बाई राणी!" मी थुंकले, नियम तो नियम. मग तिलाबी मागं बसवली.

२४ फेब्रुवारी

आज वसमतला दवाखान्यात गेले, येताना गॅरेजात. फळीवर नाव लिहिलंय, दिपा मिस्तरी. एक माणूस गाडी घेऊन आला, रुद्र पुढं झाला तर म्हणला, "तुमी न्हाई, त्या आरेक्सवाल्या ताई कुठं हायेत?" किसनराव माझ्याकडं बघेना, चहात बघत बसला.

दिपाच्या कामाच्या टेबलाच्या वर भिंतीला एक बारीक प्लॅस्टिकची पुडी खिळ्याला लावलेली. आत तांदळाचा एकच दाणा, तांबडा, जरा काळवंडलेला. मी डोळे बारीक करून बघितलं.

"ही माझी अक्षता की काय गं?"

"व्हय दादी, तुझीच."

"जपून ठेवलीस?"

"ठेवायलाच पाहिजे. खरं सांगू? ही नसती तर मी जिंकलेच नसते."

रुद्र पाना खाली पडला म्हणून टेबलाखाली वाकला तो वर येईना. किसनरावला ठसका लागला. देवाधर्माचं नाव काढलं की लोकांना असंच होतं. पण मी म्हणलं, तुमच्या सगळ्या गाड्या अशाच पळायला पाहिजेत. आता महिन्यातून एकदा ताट घेऊन येत जाईन, उघडं इंजिन दिसलं की चिमूटभर घालीन. किसनराव ताडकन उठला, हात जोडले, म्हणला, "मावशी, तुमी फक्त आधी फोन करत जा."

मान द्यायला शिकला माणूस.

अन् खरंच देतात. मी निघताना वळून बघितलं. दोन इंजिनं उघडी होती टेबलावर, तर दिपानं अन् रुद्रनं मी दारात दिसल्याबरोबर दोन्हीच्या तोंडावर फडकी टाकली होती. मी बसून होते तोवर एकानंबी फडकं हलवलं नाही. थोरांसमोर तोंड झाकायची आमची रीत सुनांनी सोडली. इंजिनं पाळतात.